रस्त्यावरून दिसतं ते गोपनीय नाही

शेंद्रा, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार

चि. सौ. तनुजा हिस गोकुळदादाचे अनेक आशीर्वाद. पुंडलिकरावांची पाठ आता कशी आहे? श्रेया शाळेत जाते ना? आम्ही इथं ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

पत्राच्या माथ्यावर श्री नाही. विसरलेलो नाही. सुतक फिटलं की नाही यावर घरात दोन मतं आहेत. तुझी दीपमालावहिनी म्हणते, तेरावं झालं, पंगती उठल्या, मांडव निघाला, म्हणजे फिटलं. दुसरं मत कोणाचं आहे ते मला सांगता येत नाही. म्हणून श्रीपुरती जागा मोकळी सोडली आहे. पुढं योग्य वाटलं तर तूच लिहून घे.

तू आईला पोचवायला आलीस आणि त्याच संध्याकाळी कन्नडला परत गेलीस. दहाव्याला पुंडलिकरावांचा निरोप आला की तुला ताप आहे. (तापाबद्दल मी काही विचारत नाही. तो तुमच्या घरचा.) त्यानंतर तू दीपमालाला विचारलंस, नानासाहेब काकांना विचारलंस, मग एकेका काकूला विचारलंस: आईच्या दहाव्याला कावळा शिवला का, आणि कोणाच्या कोणत्या बोलण्यावर शिवला? कोणी उत्तर दिलं नाही. राग मानू नकोस. ते सगळे करारानं बांधलेले आहेत. मी तर मूळ सही करणारा. करारात फोन, मेसेज, ईमेल, ध्वनिफीत, चित्रफीत आणि 'भविष्यात अस्तित्वात येणारं कोणतंही माध्यम' यांना बंदी आहे. पोस्टाचं नाव नाही. करार लिहिणारा वकील तरुण असावा. म्हणून हे पत्र.

आधी धंद्याबद्दल लिहितो. हे तुला ठाऊक आहे, पण समोरच्याला जे आधीच ठाऊक आहे ते सांगायला करारात मोकळीक आहे, आणि अशी मोकळीक फार थोड्या ठिकाणी असल्यामुळं मी ती वापरून घेतो. वसाहतीतल्या कारखान्यानं आमची पाळी बंद केली तेव्हा मी आधी चहाची फ्रँचायझी बघितली. चहावाल्यांची माहितीपत्रकं आईनं चुलीत घातली. "लोक चहा घरी बी पेतेत," म्हणाली. मग ही कंपनी आली. (कंपनीचं नाव गोपनीय नाही, ते रस्त्यावर बोर्डावर आहे. तरी मी लिहीत नाही. सवय लागली आहे.) ज्यांना गोदावरीवर जायला रजा मिळत नाही त्यांच्यासाठी शहराजवळ, गाडी लावायला जागा असलेलं, दशक्रियेचं अंगण. गुरुजी, दर्भ, भात, चटया, हात धुवायला गोदावरीचं पाणी. (आपल्या नळाला येतं तेही गोदावरीचंच. फक्त आठवड्यानं येतं.) आणि कंपनीची हमी अशी की पिंडाला कावळा शिवणार. शहरात आता कावळे राहिलेत कुठं? माणसं पिंड मांडून दुपारपर्यंत आभाळाकडं बघत बसतात, मग कंटाळून दर्भाचा कावळा करून त्यालाच शिववतात, आणि जेवताना एकमेकांच्या तोंडाकडं बघत नाहीत. गेलेल्याचं काही मागं राहिलं, ते काय, हे आयुष्यभर घोकत राहतात. कंपनीनं ही अडचण हेरली. जागा आपली होती, भिंत आपली होती. आई म्हणाली, हे बरंय, याला गिऱ्हाईक कमी पडायचं नाय.

सही करायच्या दिवशी एरिया मॅनेजर आला. सत्यम नावाचा मुलगा आहे, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, आवाज मऊ. त्यानं मला गोपनीय माहितीचं कलम वाचून दाखवलं. कंपनीनं सांगितलेलं ते गोपनीय. कंपनीनं दाखवलेलं ते गोपनीय. अंगणात उभं असताना मला जे कळेल ते, आणि मी लक्ष दिलं असतं तर जे कळलं असतं तेही. पिंडासमोर नातेवाईक जे बोलतील ते. बोलता बोलता जे थांबतील ते. लेखी, तोंडी, खाणाखुणांनी किंवा अन्य प्रकारे. मी विचारलं, अन्य प्रकारे म्हणजे कसं? सत्यमनं पान उलटलं.

पुढच्या पानावर लिहिलं होतं की ही बंधनं करार संपल्यानंतर आणि फ्रँचायझीधारकाच्या मृत्यूनंतरही लागू राहतील. म्हणजे माझ्या दहाव्याला मला काही मागायचं असलं तर कावळ्याला आधी कंपनीची परवानगी काढावी लागेल. मी हे हसत म्हणालो. सत्यम हसला नाही. त्यानं ते वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतलं.

मग त्यानं भिंतीवर एक खोका बसवला. करडा, कुलूप लावलेला. कावळा यावा म्हणून तो आहे, आणि तो उघडायचा नाही. खोक्यात काय आहे ते मी तुला सांगू शकत नाही. काय नाही तेही सांगू शकत नाही. (दुसरं वाक्य लिहिल्यावर पहिल्याची गरज उरत नाही, हे मला आत्ता दिसलं. खोडत नाही. खोडलं की लोक उजेडासमोर धरून वाचतात.)

कावळा मात्र येत होता. पिंड मांडला की यायचा. नेहमी दक्षिणेकडून, नेहमी एकटा. ओरडायचा नाही. भिंतीवर बसायचा, रडणाऱ्यांचं ऐकून घ्यायचा, मग कोणीतरी बरोबर ते बोललं की खाली उतरून भाताला चोच लावायचा. तनुजा, मी त्या अंगणात उभं राहून लोकांचं काय काय ऐकलं आहे. एका घरात धाकट्याला दत्तक द्यायचं राहिलं होतं. एका घरात फक्त टीव्हीचा आवाज कमी करायचा राहिला होता. (ही दोन्ही उदाहरणं मी बनवलेली आहेत. करारात बनवलेल्या उदाहरणांना हरकत नाही. पहिलं बनवलेलं आहे.) गुलमंडीत पांढरं कापड घ्यायला जातो तेव्हा दुकानदार विचारतो, "क्या गोकुळभाई, धंदा कैसा है?" मी म्हणतो, सांगता येत नाही. तो मान हलवतो आणि कापड जास्त मापून देतो. त्याला वाटतं, मंदी आहे.

कावळ्याच्या उजव्या पायाचं मधलं बोट वाकडं आहे. हे मी सुरुवातीलाच बघितलं. पुढं जालन्याच्या केंद्रावर प्रशिक्षणाला बोलावलं होतं. तिथंही भिंत होती, करडा खोका होता. पिंड मांडला. दक्षिणेकडून कावळा आला. मी पाय बघितला.

परत आल्यावर सत्यमला फोन केला. तो म्हणाला, "सर, तुम्ही जे बघितलं ते कंपनीचं आहे."

"पण बघितलं मी."

"हो सर. बघण्याचे कष्ट तुमचे. जे दिसलं ते कंपनीचं."

आई रोज दुपारी त्या अंगणात निवडायला बसायची. मेथी, तांदूळ, काहीही. पिंड नसला तरी तो कावळा तिच्याजवळ यायचा. पुढ्यात, हाताच्या अंतरावर. ती त्याला म्हणायची, "आला का? आज कुणाचं कोण गेलं रे?" आणि मग स्वतःचं बोलायची. हळू. दीपमाला चहा घेऊन गेली की गप्प व्हायची. दोघंही गप्प व्हायचे, असं दीपमाला म्हणते. सत्यमला हे कळलं तेव्हा तो आईची सही घ्यायला आला. म्हणाला, आजी, इथं जे काही बघाल-ऐकाल ते कोणाला सांगायचं नाही. आई म्हणाली, "म्या कुणाला काय सांगती बाबा? म्या त्याला सांगती." आणि भिंतीकडं हात केला. सत्यमनं कलमं चाळली. त्यात कावळ्याला सांगण्याबद्दल काही नव्हतं. तिची सही न घेताच गेला. आपल्या घरात सही न केलेली ती एकटीच.

आता कन्नडबद्दल. गेल्या वर्षी संक्रांतीनंतर आई तुझ्याकडं राहायला गेली. पाडव्यापर्यंत राहणार होती. लगेच परत आली. एसटी चुकली म्हणून जीपनं आली, पिशवी मांडीवर, आणि पायात तुझ्या चपला. निळ्या पट्ट्याच्या. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाय, चपला बदलल्या. त्यानंतर ती तुझ्याशी बोलली नाही आणि तूही बोलली नाहीस, आणि दोघींपैकी एकीनंही कारण सांगितलं नाही. पिशवी तिनं माळ्यावर टाकली, सोडली नाही. त्या चपला अजून आपल्या दाराशी आहेत. झाडताना दीपमाला त्यांच्या भोवतीनं झाडते.

दहाव्याला सगळे आले. दारात सत्यम टॅब घेऊन उभा होता. आपल्या लोकांना वाटलं जेवणाची संख्या मोजतोय. सगळ्यांनी आनंदानं अंगठे लावले, कचरूमामांनी दोनदा लावला. (दोन पानं वाढतील म्हणून.) गुरुजींनी पिंड मांडला. कावळा दक्षिणेकडून आला आणि भिंतीवर बसला. इथपर्यंत मी लिहू शकतो, कारण इथपर्यंतचं कंपनीच्या जाहिरातीत आहे.

मग बोलणी सुरू झाली. आपली माणसं कशी आहेत तुला माहीत आहे, म्हणजे हेही चालतं. नानासाहेब काकांनी सुरुवात केली. "वहिनी, गोकुळची फिकीर करू नका, म्या हाय." कावळा बसलेला. "वहिनी, म्या तंबाखू सोडतो." बसलेला. (दुसऱ्या दिवशी काकांनी तो शब्द मागं घेतला. उपयोग झाला नाही म्हणून.) काकू म्हणाली, ओट्याला फरशी बसवू. दीपमाला म्हणाली, तुमची पेटी भंगारात देणार नाही. कचरूमामा तर वाहवत गेले, त्यांनी आधी स्वतःची विहीर दिली, मग शेजाऱ्याची. कावळा मान तिरकी करून ऐकत होता. तहसीलमधला कारकून एक कागद कमी असलेलं प्रकरण ऐकतो तसा. मी पुढं झालो. काय बोललो ते लिहिण्यात अर्थ नाही. मला वाटलं होतं माझ्यावर उतरेल. मुलगा आहे, जागा माझी, भात मी शिजवलेला. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

यापुढं काय झालं ते गोपनीय आहे.

मी एवढंच सांगतो की कपाटात दर्भाची एक जुडी असते, हमी असल्यामुळं तिला कधी कोणी हात लावलेला नव्हता, आणि आज ती थोडी बारीक आहे. साठ्याची माहिती गोपनीय. पण बारीक हे काही माप नाही.

जेवणं शांततेत झाली. तनुजा, आपल्या काकूच्या कानावर सकाळी काही पडलं तर दुपारपर्यंत ते कन्नडच्या बाजारात मिळतं. तीही बोलली नाही. तेराव्यालाही नाही. वाढप्यांच्या पळ्या पातेल्याला लागत होत्या, तेवढाच आवाज. ते करारामुळं गप्प आहेत असं मी धरून चाललो आहे. दुसरं काही धरून चालणं बरं वाटत नाही.

सत्यम आता रोज येतो. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो आणि भिंतीकडं बघतो. शर्टाला इस्त्री नसते. जालन्याला, पैठणला, इतर ठिकाणी 'तांत्रिक अडचण' आहे म्हणतो, तिथल्या तारखा पुढं ढकलल्यात. कसली अडचण, विचारलं तर म्हणतो, सर, ते मलाही सांगितलेलं नाही, मला फक्त इथं बसायला सांगितलंय. काल मी त्याला विचारलं, माझ्या अंगणात, माझ्या आईच्या पिंडासमोर मला जे कळलं ते माझ्या बहिणीला सांगायचं नाही? त्यानं टॅब मांडीवर पालथा ठेवला. मग म्हणाला, "दुःख तुमचं आहे सर. दुःख कलमात नाही." चांगला मुलगा आहे. त्याला जेवूनच जा म्हणालो. जेवतानाही त्यानं भिंतीकडं पाठ केली नाही.

तुझ्यासाठी मी कलम पुन्हा पुन्हा वाचलं. सुटकेच्या वाटा आहेत. न्यायालयानं हुकूम केला तर सांगता येतं. म्हणजे तू माझ्यावर दावा लाव; नात्यात काही येणार नाही, आपल्याकडं खंडपीठही आहे. पण तारीख मिळेपर्यंत आपलीच दहावी होतील. दुसरी सुटका अशी की जी गोष्ट कोणत्याही येणाऱ्या-जाणाऱ्याला उघड दिसते ती गोपनीय नाही. ही मी सत्यमकडून तीनदा खात्री करून घेतली आहे. आपली भिंत जालना रोडवरून दिसते. बसमधूनही दिसते, डाव्या हाताच्या खिडकीतून. म्हणून भिंतीवर काय आहे ते मी लिहू शकतो.

भिंतीवर कावळा आहे. दहाव्यापासून आहे. रात्री असतो, सकाळी असतो. मी भाकरी ठेवली, खात नाही. पाणी पीत नाही. त्याच्या उजव्या पायाचं मधलं बोट वाकडं आहे, ते रस्त्यावरून दिसत नाही, म्हणून ते मी लिहिलेलं नाही. तो दक्षिणेकडं बघत नाही. पिंडाच्या जागेकडंही नाही. त्याचं तोंड मावळतीला, जरा उत्तरेकडं आहे. मी घराच्या गच्चीवर जाऊन अंदाज घेतला. त्या बाजूला आधी कारखान्याच्या टाक्या लागतात, मग शहर, मग डोंगर. मग कन्नड.

तो कोणाची वाट बघतोय ते मी सांगू शकत नाही. दिशा सांगू शकतो.

जे कळवायचं होतं ते कळवता आलेलं नाही. जे कळवलं ते तसंही दिसत होतं. पुंडलिकरावांना पाठ शेकायला सांग.

तुझा,
गोकुळदादा

ता. क. वरचं लिहून झाल्यावर परिशिष्ट वाचलं. 'हस्तलिखित' हा शब्द तिथं आहे. वकील तेवढा तरुण नसावा. तेव्हा तू हे पत्र वाचलेलं नाहीस. पुढचंही वाचू नकोस.

आणखी एक. खरं विचारायचं ते हेच होतं, बाकी पानं त्याच्याभोवती झाली. आणखी एक सुटका आहे: जी माहिती मला कंपनीशी संबंध नसलेल्या माणसाकडून स्वतंत्रपणे मिळेल ती गोपनीय नाही. तू अंगठा लावलेला नाहीस. संक्रांतीनंतर तुझ्या घरी काय झालं ते तू मला लिहून कळव. एक ओळ पुरे. ती मी भिंतीसमोर वाचून दाखवीन. आईच्या चपला तुझ्याकडं असतीलच. त्या कुठं आहेत तेही लिही.

बुधवार सकाळ. पत्र टाकायला निघालो होतो, थांबलो. भिंत रिकामी आहे. सत्यम खुर्चीवर बसलेला होता, त्याला कावळा उडताना दिसला नाही, फक्त एकदा डोळा मिटला म्हणतो. मग त्याचा फोन वाजायला लागला. जालन्याहून. पैठणहून. सगळीकडून. तांत्रिक अडचण संपेल म्हणून आज तारखा दिल्या होत्या, लोक पिंड मांडून उभे आहेत, आणि कुठंच कावळा आलेला नाही. एकाही ठिकाणी नाही. सत्यम म्हणाला, सर, हे कोणाला सांगू नका, नाहीतर लोकांना कळेल की सगळीकडं एकच. एवढं बोलून तो थांबला. बोलता बोलता थांबणंही कलमात आहे, म्हणून मी ते ऐकलेलं नाही.

तेव्हा तनुजा, दार उघडशील तेव्हा घाबरू नकोस. तो ओरडणार नाही. आईच्या चपला बाहेर उंबऱ्याशी ठेव. चतकोर भाकरी ठेव. जे बोलायचं ते बोल, मोठ्यानं बोलायची गरज नाही, त्याला ऐकू येतं. घाई करू नकोस, जालन्याची माणसं थांबतील. थांबण्यासाठीच आलेली आहेत.

आणि मी वर विचारलं ते राहू दे. मला लिहू नकोस. मला काही कळलं की ते लगेच कंपनीचं होतं.